मटेरियल सायन्स रट्टा न मारता कसं करायचं? (सेकंड इयर मेकॅनिकल, पुणे)

सेकंडइयर_मेक:
नमस्कार मंडळी. पुण्यात मेकॅनिकलच्या सेकंड इयरला आहे, सिलॅबस विद्यापीठाचाच, कॉलेजचं नाव नको. बाकीचे विषय जमतायत कारण तिथे निदान गणित आहे, सूत्र लावलं की काहीतरी उत्तर येतं, पण इंजिनिअरिंग मटेरियल्सचं पुस्तक उघडलं की डोकंच चालत नाही. नुसत्या व्याख्या, हार्डनेस म्हणजे अमुक, टफनेस म्हणजे तमुक, मग ते आयर्न-कार्बनचं चित्र (कुठल्या तापमानाला, किती कार्बनला स्टीलची रचना कोणती त्याचा नकाशा), मग टीटीटी (टाइम-टेम्परेचर-ट्रान्सफॉर्मेशन डायग्राम), मग हीट ट्रीटमेंटचे ढीगभर प्रकार आणि प्रत्येकाचे फायदे तोटे चार चार पॉइंट. आदल्या रात्री सगळं पाठ असतं आणि पेपर देऊन बाहेर आलं की साफ. प्रॅक्टिकलला अख्खी बॅच एका यूटीएमभोवती (सळई ताणून तोडायचं मशीन) उभी, असिस्टंट सळई लावतात, फाडकन आवाज येतो, रीडिंग फळ्यावर लिहून देतात, ते जर्नलमध्ये उतरवायचं, झालं प्रॅक्टिकल. अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड फॉरेन ऑथरचं पुस्तक सेकंडहँड आणलंय पण सुरुवात कुठून करायची तेच कळेना. एंडसेम ७० मार्कांची, वर ओरल. नक्की काय धरून अभ्यास करू? आणि इंडस्ट्रीत हे खरंच लागतं का?

पौडफाटा:
मागच्या पाच वर्षांचे पेपर काढ, रिपीट होणारे प्रश्न मार्क कर, आकृत्या हाताला बसव. पास होशील. आम्ही असेच झालो. शेवटी हिंजवडीलाच जायचंय ना, तिथे मला आजवर कुणी पर्लाइट विचारलेलं नाही.

भट्टीवाला:
पौडफाटा साहेब, पास व्हायला तुमचा सल्ला चोख आहे, पण पोराने लागतं का असं विचारलंय आणि माझं पोट त्यावरच चालतं म्हणून लिहितो. मी भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपवर असतो, शिक्षण मेटलर्जी.

हे बघ मित्रा, तुझा घोळ असा होतोय की पुस्तकात प्रकरणं वेगवेगळी आहेत म्हणून तू गोष्टीपण वेगवेगळ्या समजतोयस. एक काम कर. एकच मटेरियल धर, ईएन८, मध्यम कार्बनचं साधं स्टील. पुण्यातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये हा दांडा पडलेला असतो, शाफ्ट, पिन, स्टड सगळं त्यातून निघतं. कार्बन साधारण ०.३६ ते ०.४४ टक्के, आपण ०.४ धरू. आता सगळा सिलॅबस या एका दांड्यावर चालव.

८५० डिग्रीला तापवला. आयर्न-कार्बन चित्रात ०.४ वर उभी रेघ मार, ८५० ला कुठे आलास बघ, पूर्ण ऑस्टेनाइट, म्हणजे सगळा कार्बन विरघळलेली गरम अवस्था. आता तो भट्टीतच ठेवून भट्टी बंद केली, हळूहळू गार झाला, तर अ‍ॅनिलिंग. बाहेर काढून हवेत ठेवला तर नॉर्मलायझिंग. पाण्यात टाकला तर हार्डनिंग. दांडा तोच, कार्बन तोच, फक्त गार व्हायला किती वेळ दिला एवढाच फरक. हळू गार झाला तर कार्बनला सरकायला वेळ मिळतो, फेराइट (जवळपास शुद्ध लोखंड) वेगळं होतं आणि उरलेल्याचं पर्लाइट (फेराइट आणि आयर्न कार्बाइडचे एकाआड एक थर) बनतं. लीव्हर रूल (चित्रावरून कुठली रचना किती टक्के ते काढायचा नियम) लाव, फेराइटमधला कार्बन ०.०२ आणि पर्लाइटमधला ०.८: ०.४ वजा ०.०२, भागिले ०.८ वजा ०.०२, म्हणजे सुमारे ४९ टक्के पर्लाइट. हे गणित तू परीक्षेत करतोसच, फक्त तो आकडा मायक्रोस्कोपखाली दिसतो हे कुणी सांगत नाही, काळा भाग जवळपास अर्धा. पाण्यात टाकला तर कार्बनला सरकायला वेळच नाही, तो लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकतो, जाळी ताणली जाते, ते मार्टेन्साइट. एचआरसी (रॉकवेल सी हार्डनेस) ५०-५५ मिळते आणि कानस लावली तर घसरते. पण तसाच हातोड्याखाली घातला तर तुकडे. म्हणून पुन्हा तापवायचा, टेम्परिंग. ५५०-६०० ला केलंस तर बरीच हार्डनेस जाते पण टफनेस येतो.

यात अ‍ॅनिलिंग, नॉर्मलायझिंग, हार्डनिंग, टेम्परिंग, फेज डायग्राम, टीटीटी, लीव्हर रूल सगळं आलं. फायदे तोटे पाठ करायची गरजच नाही, ते आपोआप सुचतात.

सेकंडइयर_मेक:
दादा हे भारी आहे, असं कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग एक शंका, आयर्न-कार्बन डायग्राम आणि टीटीटी दोन्ही कशाला? दोन्हीत तेच ऑस्टेनाइट पर्लाइट आहे.

भट्टीवाला:
आयर्न-कार्बन चित्रात वेळ नावाची गोष्टच नाही. ते सांगतं की निवांत सोडलं तर शेवटी काय होईल. त्यात मार्टेन्साइट शोधून दाखव, सापडणार नाही. टीटीटीमध्ये आडवा अक्ष वेळेचा आहे, घाई केली तर काय होईल ते तिथे. ओरलला हमखास विचारतात.

निवृत्त_मास्तर:
भट्टीवाल्यांनी उत्तम मांडलं आहे. चाळीसेक वर्षं हा विषय शिकवला, त्या अधिकाराने थोडी भर घालतो. युटेक्टॉइड तापमान (जिथे ऑस्टेनाइटचं पर्लाइट होतं) जुन्या पुस्तकांत ७२३ अंश आणि नव्या पुस्तकांत ७२७ अंश असतं, कार्बनही कुठे ०.८, कुठे ०.७७ किंवा ०.७६. मुलं यात उगाच घाबरतात. आकृतीत जो आकडा काढाल तोच गणितात वापरा, परीक्षक मार्क कापत नाही. आकृतीत एक आणि गणितात दुसरा आला की मात्र त्याला कळतं की दोन पुस्तकांतून उतरवलंय.

दुसरं, मेटलोग्राफीचं (नमुना पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघायचं) प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने करा, बॅचमधल्या एकाने घासायचं आणि बाकीच्यांनी बघायचं असं नको. एमरी पेपरवर नमुना एकाच दिशेने घासायचा, पुढच्या बारीक पेपरवर जाताना ९० अंशात फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. मुलं इथेच कंटाळतात आणि २२० वरून थेट ६०० वर उडी मारतात, मग कापडावर पॉलिश करून वरवर आरसा दिसतो पण मायक्रोस्कोपखाली नुसते ओरखडे. पॉलिश झाल्यावर धुवायचं आणि मग नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये दोनेक टक्के नायट्रिक अ‍ॅसिड, कापसाने काही सेकंद. चकाकी जाऊन पृष्ठभाग किंचित धूसर झाला की लगेच पाणी, मग अल्कोहोल, मग ड्रायर. जास्त वेळ ठेवलं तर सगळंच काळं पडतं आणि पुन्हा एमरीपासून सुरुवात. कमी मॅग्निफिकेशनला पर्लाइट नुसता काळा डाग दिसतो, ४००-५०० ला गेलात की त्याच डागात एकाआड एक पट्टे दिसू लागतात. पट्टे दिसले की पोरांचे चेहरे बदलतात हे मी दरवर्षी पाहिलं आहे.

पौडफाटा:
सर, तुमच्या काळी लॅबमध्ये डायमंड पेस्ट मिळत असेल. आमच्याकडे पॉलिशिंग मशीनवर 'बंद आहे' असा बोर्ड होता आणि तो बोर्ड पण जुना झाला होता.

कोथरूडकरीण:
माझा मुलगा पण सेकंड इयरला आहे म्हणून वाचतेय. धागा चांगला चाललाय, भांडू नका.

गियरबॉक्स:
चाकणला डिझाइनमध्ये आहे. लागतं का याचं उत्तर मी देतो. आमच्याकडे एका मशीनवर लांब शाफ्ट होता, लोडवर वाकायचा, म्हणजे तुटत नव्हता, नुसता डिफ्लेक्शन जास्त. मीटिंगमध्ये एकाने ठामपणे सांगितलं, ईएन८ काढा ईएन२४ टाका, स्ट्राँग मटेरियल आहे, वाकणार नाही. ऐकायला किती बरोबर वाटतं ना? पण डिफ्लेक्शन ठरतं यंग्ज मॉड्युलसवर (मटेरियल किती ताठ त्याचा आकडा), आणि तो ईएन८ चा, ईएन२४ चा, साध्या एमएसचा (माइल्ड स्टील), हार्ड केलेल्याचा, न केलेल्याचा सगळ्यांचा २०० ते २१० जीपीए. अणूंमधला बंध किती ताठ एवढ्यावरच तो अवलंबून, चिमूटभर निकेल-क्रोमियम टाकून किंवा पाण्यात बुडवून तो बंध बदलत नाही. यील्ड (ज्या ताणाला कायमचं वाकायला लागतं तो) दुप्पट होईल, वाकणं तेवढंच राहील. व्यास १० टक्के वाढवला की काम झालं, कारण डिफ्लेक्शन व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतं, १.१ चा चौथा घात १.४६, म्हणजे वाकणं जवळपास एक तृतीयांश कमी. स्वस्तात. आणि अ‍ॅल्युमिनियम टाकलंत तर मॉड्युलस ७०, वाकणं तिप्पट.

स्टिफनेस, स्ट्रेंथ, हार्डनेस, टफनेस या चार गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या तर अर्धा विषय झाला. स्ट्रेस-स्ट्रेन ग्राफ समोर ठेव. सुरुवातीच्या रेषेचा चढ म्हणजे स्टिफनेस. उंची म्हणजे स्ट्रेंथ. ग्राफखालचं सगळं क्षेत्रफळ म्हणजे टफनेस. हार्डनेस या ग्राफवर थेट नाहीच, ती वेगळी टेस्ट.

सेकंडइयर_मेक:
हे वाचून स्ट्रेस-स्ट्रेनचं जर्नल पुन्हा उघडलं. एमएसच्या ग्राफमध्ये यूटीएसनंतर (ग्राफचं सर्वांत उंच टोक) कर्व्ह खाली का येतो? मटेरियल तर स्ट्रेन हार्डन होतंय ना, म्हणजे अजून स्ट्राँग व्हायला पाहिजे?

गियरबॉक्स:
चांगला प्रश्न. मटेरियल स्ट्राँग होतच असतं. यूटीएसनंतर एका ठिकाणी मान पडते, नेकिंग, तिथलं क्षेत्रफळ भराभर कमी होतं पण आपण फोर्सला अजून मूळच्याच क्षेत्रफळाने भागतोय. खऱ्या क्षेत्रफळाने भागलं तर ट्रू स्ट्रेस तुटेपर्यंत चढतच जातो. तुटल्यावर दोन्ही तुकडे हातात घेऊन बघ, एक वाटी आणि एक शंकू दिसेल. कास्ट आयर्नचा तुकडा घेतलास तर सपाट, दाणेदार, मान नाहीच.

सिव्हिलवाली:
मी सिव्हिलची, साइटवर असते, पण भट्टीवाल्यांचं वाचून राहवलं नाही. टीएमटीची सळई म्हणजे याच सगळ्याचं चालतं-फिरतं उदाहरण आहे. रोलिंग मिलमधून लालभडक सळई बाहेर येते, लगेच पाण्याच्या फवाऱ्यातून जाते, वरची कड मार्टेन्साइट होते, आत अजून गरम असतं, ती आतली उष्णता बाहेर येऊन त्या कडेला टेम्पर करते, आणि गाभा सावकाश गार होऊन फेराइट-पर्लाइट राहतो. हार्डनिंग आणि टेम्परिंग एकाच फेरीत, टेम्परिंगला वेगळी भट्टी नाही. सळईचा काप पॉलिश करून नायटल लावा, बाहेर गडद कडं आणि आत फिकट गाभा साध्या डोळ्यांनी दिसतो. कडं एका बाजूला जाड आणि दुसरीकडे गायब असेल तर माल परत पाठवायचा.

आणि म्हणूनच टीएमटीची सळई लेथवर बारीक करून टेन्साइल टेस्ट करायची नसते, जसाच्या तसा तुकडा यूटीएमवर लावायचा. लेथवर घेतलीत तर जोर ज्याचा होता ती कडच गेली. आयएस १७८६ मध्ये (सळईचं भारतीय मानक) एफई ५०० ग्रेडला किमान १२ टक्के इलाँगेशन (तुटेपर्यंत लांबी किती वाढते ते) लागतं आणि ५०० डी ला १६. यील्ड दोघांचं ५००च. मग डी ला जास्त पैसे का, असं क्लायंट विचारतात. भूकंपात सळई तुटायच्या आधी ताणली जायला हवी, ते वरचे चार टक्के त्यासाठी.

कसबेकर:
पाणी मारलं की कडक होतं हे स्टीलचं झालं. सगळ्या धातूंना लावू नका. आमच्या कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन बघा. तांब्याचा पत्रा ठोकत ठोकत आकार देतात, ठोकून ठोकून तो ताठर होतो, तसाच रेटला तर कडेला चिरतो. मग भट्टीत लाल करतात आणि पाण्यात बुडवतात, आणि तो एकदम मऊ होतो! पहिल्यांदा बघणाऱ्या मेकॅनिकलवाल्यांचा चेहरा बघण्यालायक असतो.

निवृत्त_मास्तर:
वा, कसबेकर! पुस्तकातली स्ट्रेन हार्डनिंग आणि रीक्रिस्टलायझेशन ही दोन प्रकरणं तिथे एका पाटावर दिसतात. ठोकल्याने डिसलोकेशन्स (अणूंच्या रांगांमधले दोष) वाढतात, एकमेकांत अडकतात, म्हणून ताठरपणा. तापवल्यावर नवे, ताण नसलेले ग्रेन (स्फटिकांचे कण) तयार होतात, म्हणून मऊ. लोखंड तापवलं की त्याची स्फटिकरचना बीसीसीची (घनाच्या मध्यभागी एक अणू) एफसीसी (घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यभागी अणू) होते आणि गार होताना परत फिरते, मार्टेन्साइट त्या फिरण्यातून जन्मतं. तांबं वितळेपर्यंत एफसीसीच, फिरायला काही नाही, म्हणून पाण्याने कडक होण्याचा प्रश्न नाही. पाण्याने लवकर गार होतं आणि काळी पापडी सुटते, एवढंच. शेवटचं मठारकाम झाल्यावर मात्र पुन्हा तापवत नाहीत, म्हणून भांडं वापरात चेपत नाही.

ओरलला 'तांबं क्वेंच केलं तर?' असा प्रश्न मी नेहमी विचारायचो. बरेचसे लगेच 'हार्ड होईल सर' म्हणायचे.

खटपट्या:
मला एक सांगा, हार्डनेस आणि हार्डनेबिलिटी यात आमचे सर जो गोंधळ घालतात तो कुणी सोडवेल का. थर्ड इयरला आहे आणि अजून कळलेलं नाही.

भट्टीवाला:
किती कडक होईल ते कार्बन ठरवतो. किती खोलवर कडक होईल ते अ‍ॅलॉय आणि ग्रेन साइज ठरवतात. पहिली हार्डनेस, दुसरी हार्डनेबिलिटी. ईएन८ आणि ईएन२४ दोघांत कार्बन ०.४ च्या आसपास, म्हणून पृष्ठभागावर आकडा जवळपास सारखा. पण जाड दांडा घेतलास तर ईएन८ वरच्या थरापुरता कडक होतो आणि आत मऊ, ईएन२४ मध्ये निकेल-क्रोम-मॉली आहे, टीटीटीचं नाक (वक्राचं डावीकडे पुढे आलेलं टोक, जिथे पर्लाइट सर्वांत लवकर सुरू होतं) उजवीकडे सरकतं, आतलं सावकाश गार झालं तरी मार्टेन्साइट होतं. म्हणून ईएन२४ तेलात करतात. त्याला पाण्यात टाकलं की तडा जायची भीती. कस्टमर कधी कधी ड्रॉइंगवर जाड ईएन८ ला गाभ्यापर्यंत एचआरसी ५० लिहून पाठवतात, मग त्यांना फोन करून हेच लेक्चर द्यावं लागतं.

यासाठीच जोमिनी टेस्ट. २५ मिमी व्यासाचा, १०० मिमी लांबीचा तुकडा तापवायचा, उभा टांगायचा आणि खालून फक्त टोकावर पाण्याचा फवारा. टोक पटकन गार, वर वर जावं तसं सावकाश. मग कडेने हार्डनेस घेत जायचं. एका तुकड्यात सगळे कूलिंग रेट मिळतात. इतकी डोकेबाज टेस्ट दुसरी नाही, माझं वैयक्तिक मत.

सेकंडइयर_मेक:
आणि चार्पी-आयझॉड, त्या लोलकाने नमुना तोडायच्या इम्पॅक्ट टेस्ट? तिथे मला फक्त एवढंच लक्षात आहे की एकात सॅम्पल आडवं आणि एकात उभं.

निवृत्त_मास्तर:
तेवढं तर हवंच. चार्पीचा नमुना १० बाय १० बाय ५५ मिमी, दोन टोकांना टेकवलेला, नॉच (खाच) लोलकाच्या विरुद्ध बाजूला. आयझॉडचा एका टोकाला पकडलेला, नॉच लोलकाच्या बाजूला. पण गंमत तापमानात आहे. तोच नमुना बर्फ-मिठात ठेवून मारा, साध्या स्टीलची ऊर्जा घसरते आणि तुटलेला भाग चमकदार दाणेदार दिसतो. बीसीसी धातू थंडीत ठिसूळ होतात, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑस्टेनिटिक स्टेनलेससारखे एफसीसी होत नाहीत. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेत शेनेक्टेडी नावाचं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं असताना मधोमध दुभंगलं. थंड हवा, थंडीत ठिसूळ होणारं स्टील आणि वेल्डिंगने सलग जोडलेला सांगाडा, त्यामुळे तडा एकदा सुटला तो कुठे थांबलाच नाही. टेन्साइल टेस्टमध्ये असं स्टील पास होतं, हा मुद्दा उत्तरात लिहा.

गियरबॉक्स:
यात फटीग (पुन्हा पुन्हा लोड येऊन तुटणं) पण जोडा, कारण आमच्याकडे तुटून येणारे बहुतेक शाफ्ट त्यानेच तुटतात. यील्डच्या बऱ्याच खाली लोड असतो तरी लाखो फेऱ्यांनी कीवेच्या किंवा सर्क्लिपच्या खाचेच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा दिसतात, त्या जिथून पसरल्यात तिथे सुरुवात. उरलेला खडबडीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेला. तो भाग छोटा असेल तर लोड कमी होता, म्हणजे मटेरियलला शिव्या देण्याआधी कोपऱ्याची रेडियस बघा. स्टीलला एंड्युरन्स लिमिट असते (त्याखाली कितीही फेऱ्या झाल्या तरी तुटत नाही), ढोबळ मानाने यूटीएसच्या निम्मी. अ‍ॅल्युमिनियमला तशी ठरलेली लिमिट नाही.

पौडफाटा:
पॉलिमर-सिरॅमिकचं काय? का ती युनिट ऑप्शनला टाकायची?

गियरबॉक्स:
टाकू नको. नायलॉनचा गियर बनवलास तर तो हवेतलं पाणी पितो आणि माप बदलतं, पावसाळ्यात जाम होतो. बाकी ग्लास ट्रान्झिशन (ज्या तापमानाखाली पॉलिमर काचेसारखा कडक होतो) तेवढं नीट कर, त्यावरच फिरतं सगळं.

सेकंडइयर_मेक:
सगळ्यांचे खूप आभार. भट्टीवाला दादा, तुमच्याकडे ईएन८ चे भंगारातले तुकडे मिळतील का? एक नॉर्मलाइज्ड आणि एक पाणी मारलेला मिळाला तर आम्ही तिघं मिळून पॉलिश करून बघू. कॉलेजचा मायक्रोस्कोप चालू आहे, तेवढं विचारून आलोय. आणि कापायचा कसा, आमच्या वर्कशॉपमध्ये चॉप सॉ आहे.

भट्टीवाला:
मिळतील, न्या हवे तेवढे. गुरुवार सोडून कधीही ये, गुरुवारी इकडे सुट्टी असते. चॉप सॉवर कोरडा कापू नको. कड निळी पडली की तिथे तीनशेच्या आसपास तापमान गेलं, पाणी मारलेल्या तुकड्यातलं मार्टेन्साइट तिथल्या तिथे टेम्पर झालं आणि मग तू मायक्रोस्कोपखाली भलतंच बघशील. नॉर्मलाइज्डवाला हॅकसॉने कापला तरी चालेल, वेळ लागेल पण चालेल. पाणी मारलेला मीच इथे कूलंट लावून कापून देतो. दोन्हींवर पंचने खूण करून ठेवतो, पॉलिश केल्यावर दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. खूण घासायच्या तोंडावर नाही, मागच्या बाजूला असेल.

खटपट्या:
दादा, तिसरा तुकडा टेम्पर केलेला पण ठेवाल का? मी येतोय याच्याबरोबर.

भट्टीवाला:
ठेवतो. २०० चा हवा का ६०० चा, ते आधी ठरवून कळवा.